प्रतिजैविकांचे रक्षण आणि फार्मासिस्टचे स्थान

(औषध व आरोग्य क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

बाळंतपणात जंतुसंसर्ग झालेली स्त्री, यंत्रात बोट सापडून जखम चिघळलेला कामगार, जन्मून आठ दिवस झाले नाहीत तोच ताप भरलेले मूल, या साऱ्यांचे प्राण ज्या औषधांच्या गुणावर अवलंबून असतात त्यांना प्रतिजैविके, रूढ भाषेत अँटिबायोटिक्स, असे म्हणतात. ही औषधे येण्यापूर्वी न्यूमोनियाने घरातला कर्ता माणूस दगावणे ही नित्याची गोष्ट होती. ती परिस्थिती पालटून अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. तरीही या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा प्रसार इतका वाढला आहे की, मानवजातीच्या हाती आलेले हे साधन निकामी होण्याचा धोका उभा आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाचा अंदाज असा की, २०१९ या एका वर्षात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट या प्रतिरोधामुळे ओढवले आणि ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी त्याचा संबंध होता.

या प्रश्नाची चर्चा होते तेव्हा डॉक्टरांना दोष दिला जातो, रुग्णांच्या अज्ञानाला दिला जातो, क्वचित कंपन्यांनाही दिला जातो. परंतु कारखान्यातून निघालेली गोळी अखेर ज्याच्या हातून रुग्णाच्या हाती पडते, त्या फार्मासिस्टच्या वास्तव स्थितीचा विचार फारसा होत नाही. कायद्याने त्याला औषधाचा पहारेकरी केले आहे. व्यवहाराने त्याला विक्रीच्या आकड्याशी बांधून ठेवले आहे. हा अंतर्विरोध कसा निर्माण झाला आणि तो सोडविण्यासाठी काय करावे लागेल, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रतिरोध कसा वाढतो

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लागला. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानातच त्यांनी इशारा देऊन ठेवला होता. पेनिसिलिन कोणालाही दुकानात विकत मिळू लागेल अशी वेळ येईल, अजाण माणूस ते अपुऱ्या मात्रेत घेईल आणि त्याच्या शरीरातील जंतू मरण्याऐवजी औषधाला सरावतील, अशी भीती त्यांनी व्यक्त केली होती.

यामागील शास्त्र कठीण नाही. कोट्यवधी जंतूंमध्ये काही थोडे असे असतात की ज्यांच्या अंगी औषधाला तोंड देण्याचा गुण असतो. औषधाने बाकीचे मरतात, हे थोडे उरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्यांचीच प्रजा वाढते. हा गुण ज्या जनुकांत असतो, ती जनुके एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे जाऊ शकतात. म्हणून प्रतिरोध एका रुग्णापुरता राहत नाही. तो घरात, चाळीत, रुग्णालयाच्या वॉर्डात, सांडपाण्यात पसरतो. सर्दी, फ्लू यांसारखे आजार विषाणूंमुळे होतात व त्यांवर प्रतिजैविकांचा काडीचाही उपयोग होत नाही. अशा आजारात घेतलेली गोळी रोग बरा करीत नाही. पोटात नांदणाऱ्या निरुपद्रवी जंतूंना मात्र ती प्रतिरोधाचे शिक्षण देऊन जाते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गरीब देशांतील जनता प्रतिजैविके फार खाते, म्हणून तिच्यावर निर्बंध घातले की काम झाले, अशी मांडणी पुष्कळदा ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. भारतासह आठ देशांतील २०१९ च्या स्थितीचा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्बापेनेम या अत्यंत प्रबळ औषधांनाही न जुमानणाऱ्या जंतूंची सुमारे १५ लाख गंभीर संसर्गप्रकरणे त्यात हिशेबात घेतली होती. त्यांपैकी योग्य प्रतिजैविक मिळालेल्या रुग्णांचे प्रमाण शंभरात सुमारे सात एवढेच निघाले. म्हणजे ज्याला गरज नाही त्याच्या पोटात औषध जाते आणि ज्याचा प्राण त्यावाचून जातो त्याला ते मिळत नाही. अतिवापर आणि अभाव ही एकाच व्यवस्थेची दोन रूपे आहेत. फार्मासिस्टच्या कामाची कसोटीही दुहेरी आहे: अनावश्यक गोळी रोखणे आणि आवश्यक गोळी वेळेवर, पुऱ्या मात्रेत पोहोचविणे.

पिंपरीपासून आजपर्यंत

महाराष्ट्रातील वाचकांना पिंपरी हे नाव परिचित आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली तेथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली आणि १९५५ पासून पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. १९६१ साली स्थापन झालेल्या इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स लिमिटेडने सोव्हिएत सहकार्याने ऋषिकेश येथे प्रतिजैविकांचा व हैदराबाद येथे संश्लेषित औषधांचा कारखाना उभारला. औषध ही गरजेची वस्तू आहे, तिचे उत्पादन गरजेच्या हिशेबाने व्हावे, ही दृष्टी त्यामागे होती. १९७५ साली हाथी समितीने हीच दृष्टी पुढे नेली. तिने ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली आणि व्यापारी नावांऐवजी औषधांची मूळ नावे टप्प्याटप्प्याने रूढ करावीत अशी शिफारस केली.

त्या शिफारशींतील मोठा भाग कागदावरच राहिला. व्यापारी नावांचे पीक माजले. एकाच गोळीत दोन-तीन औषधे कोंबून 'नवे' औषध म्हणून विकण्याचा प्रघात वाढला. अशा ३४४ मिश्रणांवर केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये बंदी घातली; प्रकरण न्यायालयांत गेले आणि फेरतपासणीनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवरील बंदी पुन्हा जाहीर करावी लागली. २०१९ मध्ये भारतातील खाजगी बाजारात खपलेल्या प्रतिजैविकांचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, खपलेल्या औषधरूपांपैकी ४७ टक्क्यांहून अधिक रूपांना केंद्रीय औषध नियंत्रकाची मान्यता नव्हती. सर्वाधिक खप अॅझिथ्रोमायसिनच्या ५०० मिलिग्रॅम गोळीचा होता आणि त्याखालोखाल सेफिक्झिमच्या २०० मिलिग्रॅम गोळीचा.

दुसऱ्या बाजूला, डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंडियन ड्रग्ज बंद करण्याचा आणि हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची विक्री करण्याचा निर्णय घेतला. पेनिसिलिन जी या मूळ द्रव्यासाठी देश दीर्घकाळ आयातीवर अवलंबून राहिला आणि त्याचे उत्पादन पुन्हा देशात सुरू व्हावे म्हणून २०२० मध्ये अनुदानाची योजना काढावी लागली. संधिवाताच्या तापाने ज्यांच्या हृदयाच्या झडपा निकामी होऊ लागतात अशा मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलिनचे साधे, स्वस्त इंजेक्शन लागते. त्याचा तुटवडा वारंवार जाणवला आहे. जुने, स्वस्त, मर्यादित मारा करणारे औषध ज्यात नफा नाही ते फडताळावर नसते. नवे, महाग, अनेक जातींच्या जंतूंवर सरसकट मारा करणारे औषध मात्र दहा नावांनी हजर असते. फार्मासिस्ट काय देतो हा प्रश्न विचारण्यापूर्वी त्याच्या फडताळावर काय भरले आहे आणि का, हा प्रश्न विचारला पाहिजे.

दुकानामागचा माणूस

१९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. १९४५ च्या औषध नियमावलीनुसार अशी विक्री त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावी लागते. अनुसूची 'एच' मधील औषध चिठ्ठीवाचून विकता येत नाही. चिठ्ठीतील औषध बदलून दुसरे देता येत नाही. कायदा इतका स्पष्ट आहे.

व्यवहार निराळा आहे. अनेक दुकानांत फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असते आणि ज्याचे ते आहे तो माणूस दुसरीकडे नोकरी करीत असतो. प्रमाणपत्राचे मासिक भाडे त्याला मिळते. औषध देणारा मुलगा अनुभवाने नावे ओळखतो, पण औषधशास्त्र शिकलेला नसतो. २०१२ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानात फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असलाच पाहिजे असा आग्रह धरून मोहीम काढली, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी तिला कडवा विरोध केला. नियम नवा नव्हता. तो पाळावा लागणे तेवढे नवे होते.

जेथे फार्मासिस्ट खरोखर हजर असतो तेथेही त्याची स्थिती पाहिली पाहिजे. पदविका किंवा पदवी घेतलेला हा तरुण बहुधा दुकानमालकाचा किंवा साखळी दुकानाच्या कंपनीचा पगारी नोकर असतो. किमतीवर नियंत्रण असलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार १६ टक्के मार्जिन मिळते. नियंत्रणाबाहेरच्या, पाकिटावर भरमसाट किंमत छापलेल्या मालावर ते याहून कितीतरी जास्त असू शकते. जास्त माल खपविणारा नोकर चांगला, गिऱ्हाईक परत पाठविणारा नोकर नालायक, असा दुकानाचा हिशेब असतो. 'चिठ्ठीशिवाय देता येणार नाही' हे कायद्याचे वाक्य उच्चारणाऱ्या नोकराला संरक्षण देणारी कोणतीही तरतूद या हिशेबात नसते. तो नाही म्हणतो, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, औषध मिळतेच, आणि महिनाअखेर जाब मात्र याला द्यावा लागतो. लहान गावात स्वतःचे दुकान चालविणाऱ्या फार्मासिस्टवरही हाच दाब असतो. त्याच्या बाबतीत जाब विचारणारा मालक नसतो, कर्जाचा हप्ता असतो.

गिऱ्हाइकाचीही बाजू आहे. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा कामगार किंवा घरकाम करणारी स्त्री डॉक्टरकडे न जाता थेट 'मेडिकल'मध्ये जाते, याचे कारण केवळ अज्ञान नसते. डॉक्टरची फी, तपासणीचा खर्च आणि बुडालेला रोज यांची बेरीज तिने मनाशी केलेली असते. सरकारी दवाखाना सकाळी उघडतो आणि तिची पाळी सुटते तेव्हा तो बंद झालेला असतो. पाच दिवसांच्या गोळ्यांचे पैसे नसतात म्हणून ती दोन गोळ्या मागते. फ्लेमिंग यांनी ज्याला अजाण माणूस म्हटले, त्याच्या अजाणतेत अशा रीतीने मजुरीचा दरही मिसळलेला असतो.

अनुसूची 'एच-१' चा धडा

२०१० साली 'एनडीएम-१' या प्रतिरोधक जनुकाचा गवगवा झाला. त्याच्या नावात नवी दिल्लीचा उल्लेख असल्याने बराच काळ वाद नावावरच रंगला. तथापि, त्या वादातून चिठ्ठीशिवाय होणाऱ्या विक्रीचा प्रश्न ऐरणीवर आला. सरकारने प्रथम कडक निर्बंधांची 'एचएक्स' नावाची अनुसूची प्रस्तावित केली. तिला विरोध झाला. खेड्यापाड्यांत डॉक्टरच नाहीत, तेथे चिठ्ठी आणायची कोठून, हा त्या विरोधातील एक मुद्दा होता आणि तो निराधार नव्हता. पुढे सौम्य केलेली अनुसूची 'एच-१' ऑगस्ट २०१३ मध्ये अधिसूचित होऊन १ मार्च २०१४ पासून अमलात आली. तिच्यात ४६ औषधे घेण्यात आली. त्यांत तिसऱ्या व चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स, कार्बापेनेम वर्गातील औषधे आणि क्षयरोगावरील औषधे येतात. अशा औषधाच्या विक्रीची स्वतंत्र वहीत नोंद करावी लागते: डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या. ही वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते.

ही वही हे फार्मासिस्टच्या हातातील मोठे साधन होऊ शकते. एखाद्या भागात कोणते औषध अचानक खपू लागले आहे, कोणाच्या चिठ्ठ्यांवर खपते आहे, याचे चित्र तिच्यातून उभे राहते. परंतु निरीक्षक येणार असे कळल्यावर रात्री बसून भरलेली वही कोणाच्याही कामाची नाही. अॅमॉक्सिसिलिन, अॅझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांसारखी सर्वाधिक खपाची औषधे या अनुसूचीत घेतली गेली नव्हती, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

फार्मासिस्ट बदलू शकतो काय?

या प्रश्नाचे उत्तर एका अभ्यासाने दिले आहे. २०१४-१५ मध्ये मुंबई, दिल्ली व पाटणा येथील ६२२ औषधदुकानांत प्रशिक्षित माणसे रुग्ण म्हणून पाठविण्यात आली आणि अशा १,२०० भेटींची नोंद झाली. काहींनी केवळ क्षयरोगाची लक्षणे सांगितली; काहींनी क्षयरोग असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल दाखविला. लक्षणे ऐकून, कोणतेही प्रतिजैविक किंवा स्टिरॉइड न देता डॉक्टरकडे पाठविण्याचे प्रमाण अवघे १३ टक्के होते आणि ३७ टक्के भेटींत प्रतिजैविक देण्यात आले. अहवाल पाहिल्यावर मात्र योग्य वर्तनाचे प्रमाण ६२ टक्क्यांवर गेले आणि प्रतिजैविक देण्याचे प्रमाण १६ टक्क्यांवर उतरले. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, क्षयरोगावरील मुख्य औषधे एकाही दुकानाने दिली नाहीत.

या आकड्यांचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. ज्या दुकानांत अॅझिथ्रोमायसिन सहज मिळते, तेथेच क्षयाच्या औषधांबाबत मर्यादा पाळली जाते. म्हणजे ही माणसे स्वभावतःच बेफिकीर आहेत असे म्हणता येत नाही. रोग कोणता हे माहीत असेल आणि रुग्णाला पाठवायला ठिकाण असेल, तर ती योग्य वागतात. क्षयरोगासाठी सरकारी कार्यक्रम आहे, मोफत औषध आहे, ठरलेले केंद्र आहे. तेथे 'नाही' म्हणताना विक्रेत्याला 'तिकडे जा' असेही सांगता येते. साध्या तापासाठी तसे काही नाही. नकाराला पर्यायाची जोड असली की नकार टिकतो.

केरळ आणि इतर देश

केरळने २०१८ साली प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्ध राज्यपातळीवरील कृती आराखडा तयार केला. असे करणारे ते देशातील पहिले राज्य होय. जानेवारी २०२४ मध्ये तेथील औषध नियंत्रण विभागाने 'ऑपरेशन अमृत' ही मोहीम सुरू करून चिठ्ठीशिवाय होणाऱ्या विक्रीवर धाडी घातल्या. दुकानांत फलक लावणे सक्तीचे झाले आणि प्रतिजैविके ओळखता यावीत म्हणून ती निळ्या पाकिटात देण्याची पद्धत आणली गेली. प्रतिजैविकांचा वापर २० ते ३० टक्क्यांनी घटला, असे राज्य शासनाने जाहीर केले. या यशाचे सारे श्रेय धाडींना देणे चूक ठरेल. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'आर्द्रम' कार्यक्रमातून प्राथमिक आरोग्य केंद्रांची कुटुंब आरोग्य केंद्रे झाली आणि त्यांचा बाह्यरुग्ण विभाग सायंकाळी सहापर्यंत चालू ठेवण्याची व्यवस्था झाली. दुकानातून परत पाठविलेल्या माणसाला जाण्यासाठी जागा अगोदर तयार झाली होती.

चिलीचा अनुभव याची दुसरी बाजू दाखवितो. तेथे १९९९ मध्ये चिठ्ठीचा नियम कडक करण्यात आला, प्रचार झाला, खप एकदम घटला. काही वर्षांत देखरेख ढिली पडली आणि खप पुन्हा हळूहळू वर चढू लागला. ब्राझीलने २०१० च्या अखेरीस असाच नियम केला व चिठ्ठीची प्रत दुकानात ठेवून घेणे बंधनकारक केले. केवळ हुकमाने मिळविलेले यश हुकमाचा जोर ओसरला की ओसरते.

आज काय करता येईल

व्यवस्था बदलेपर्यंत फार्मासिस्टने वाट पाहत बसावे असा याचा अर्थ नाही. जंतू कोणासाठी थांबत नाहीत. आजच्या परिस्थितीतही त्याच्या हाती पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट, विचारपूस. औषध कोणासाठी, त्रास किती दिवसांचा, पूर्वी काही घेतले काय, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे काय, स्त्री गरोदर आहे काय, हे पाच प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात. सर्दी-पडशाला पॅरासिटामॉल, विश्रांती व गरम पाणी. मुलाच्या पातळ जुलाबाला जलसंजीवनी आणि झिंक. एवढे सांगून पाठविलेले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेले असे होत नाही.

दुसरी गोष्ट, धोक्याची लक्षणे ओळखणे. मूल भराभर श्वास घेत असेल, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ते अंगावर पीत नसेल, तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचविले पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी हवी. येथे आणखी एका बाटलीची विक्री म्हणजे उशीर, आणि उशीर म्हणजे मृत्यू असू शकतो. क्षयाच्या औषधांच्या विक्रीची माहिती शासनाला कळविणे २०१८ पासून औषधविक्रेत्यांनाही बंधनकारक आहे, याचाही विसर पडू नये.

तिसरी गोष्ट, चिठ्ठीवरील औषध नीट देणे. किती वेळा, जेवणापूर्वी की नंतर, किती दिवस, हे तोंडी सांगून पाकिटावर मराठीत, हिंदीत किंवा रुग्णाला वाचता येईल त्या भाषेत लिहून द्यावे. मुलांच्या कोरड्या सिरपच्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घालावे व ती लेबलावर लिहिलेल्या मुदतीतच वापरावी, हे न सांगितल्यास पाणी जास्त पडून मात्रा पातळ होते आणि डॉक्टरांचा हिशेब फुकट जातो. बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत, हेही सांगितले पाहिजे. डॉक्टरांच्या चिठ्ठीत मात्रा चुकलेली दिसली तर त्यांना विचारणे हा फार्मासिस्टचा हक्क आहे आणि कर्तव्यही.

चौथी गोष्ट रुग्णालयांतील फार्मासिस्टांसाठी आहे. कोणत्या वॉर्डात कोणते राखीव औषध किती गेले, प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर ते बदलले की तसेच चालू राहिले, याचा हिशेब त्यांच्यापाशी असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट पाडले: सहज वापरावयाची, जपून वापरावयाची आणि राखून ठेवावयाची. कोठीतील मालाची मांडणी आणि मागणी या वर्गवारीने केली तरी पुष्कळ अपव्यय उघडकीस येतो.

पाचवी गोष्ट जनावरांच्या औषधांची. मानवी उपचारातील अखेरचा आधार असलेले कोलिस्टिन कोंबड्यांना व इतर खाद्यजनावरांना देण्यावर जुलै २०१९ मध्ये बंदी आली. ग्रामीण भागातील दुकानात दोन्ही प्रकारची औषधे विकणाऱ्याने पोल्ट्रीसाठी मागितलेल्या प्रतिजैविकाकडेही त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

कोणत्या मागण्या

फार्मासिस्टने केवळ विवेकाच्या बळावर हे सर्व वर्षानुवर्षे करावे, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. त्याला आरोग्य-कर्मचारी म्हणून उभे राहता यावे यासाठी काही गोष्टी मिळवाव्या लागतील. भाड्याच्या प्रमाणपत्रांचा धंदा बंद होऊन प्रत्येक दुकानात प्रत्यक्ष नेमणूक व्हावी आणि तिला सन्मानाचे वेतन असावे. चिठ्ठीशिवाय औषध नाकारल्याबद्दल नोकरीवरून काढणे बेकायदा ठरावे. सरकारी रुग्णालयांतील फार्मासिस्टांच्या रिक्त जागा भराव्यात. कामगारवस्त्यांतील दवाखाने पाळी सुटण्याच्या वेळी उघडे असावेत. अत्यावश्यक यादीतील जुनी, स्वस्त प्रतिजैविके तेथे कायम उपलब्ध असावीत व त्यासाठी सार्वजनिक उत्पादनाचा प्रश्न पुन्हा हाती घ्यावा. औषध प्रतिनिधींवर विक्रीचे अवाजवी आकडे लादण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांच्या संघटना लढत आल्या आहेत. तो लढाही या प्रश्नाचाच भाग आहे.

कारखान्यांच्या दारातील प्रश्नही विसरता येणार नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हैदराबादजवळच्या पटनचेरू येथील सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात एका लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आढळले. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहून हे प्रमाण अधिक होते. जानेवारी २०२० च्या मसुद्यात केंद्र सरकारने अशा सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा सुचविल्या होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम नियमांतून त्या गळाल्या. दोन गोळ्या मागणाऱ्या मजुराला दंडक लावायचा आणि पिंपांनी औषध ओढ्यात सोडणाऱ्याला मोकळे ठेवायचे, अशा धोरणावर लोकांचा विश्वास बसत नाही.

कॉम्रेड्स, पुढील अभ्यासवर्गाला येण्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीत चार गोष्टी पाहून याव्यात. किती औषधदुकानांत फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असतो. जवळचा सरकारी दवाखाना किती वाजता बंद होतो. तेथे अॅमॉक्सिसिलिनच्या गोळ्या आणि बेंझाथीन पेनिसिलिनचे इंजेक्शन आज शिल्लक आहे काय. आणि गेल्या महिन्यात चिठ्ठीशिवाय औषध नाकारल्यामुळे ज्याला मालकाची किंवा गिऱ्हाइकाची बोलणी खावी लागली असा फार्मासिस्ट आपल्या ओळखीत आहे काय. तसा कोणी असेल तर त्याला बरोबर घेऊन यावे. नाही म्हणण्याची किंमत काय पडते हे त्याच्याकडून ऐकल्यावाचून ती किंमत वाटून कशी घ्यावी हे ठरविता येणार नाही.